हिरव्या मताची कबुली

"सन्माननीय सदस्या श्रीमती आर्डिथ स्कोग्लंड यांनी एकाच दुरुस्तीवर, अठरा तासांच्या आत, परस्परविरोधी अशी दोन मते दिली. या वर्तनामागे कोणतेही तात्त्विक सातत्य समितीस आढळून आले नाही."

आमच्या राज्याच्या विधानसभेतील नियम समितीचा अहवाल या दोन वाक्यांनी सुरू होतो. त्यांतले पहिले वाक्य खरे आहे. म्हणूनच ते पहिले ठेवले गेले. दुसरे वाक्य धडधडीत खोटे आहे आणि ते पहिल्याच्या खांद्यावर हात टाकून, ओळखीचा माणूस असल्यासारखे, आत शिरते. अहवाल एकोणतीस पानांचा आहे. त्यात 'प्रतिष्ठा' हा शब्द चौदा वेळा येतो. 'विहीर' हा शब्द एकदाही येत नाही. ज्या दुरुस्तीवर ही दोन मते पडली ती आदिपासून अंतापर्यंत विहिरींविषयीच होती, ही गोष्ट ध्यानात घेतली तर असे लेखन साधायला किती चिकाटी लागली असेल याची कल्पना येते.

अठ्ठावीस अधिवेशने मी या सभागृहाचे कार्यवृत्त लिहीत आलो आहे. उरलेल्या महिन्यांत विद्यापीठात त्याच विषयावर शिकवतो. जगभरच्या विधिमंडळांचे जुने इतिवृत्त मी पुष्कळ वाचले आहे. खोटे बोलण्यासाठी खऱ्या नोंदीचा इतका शिस्तबद्ध वापर मला फार थोड्या ठिकाणी आढळला. तेव्हा जे घडले ते क्रमाने सांगतो.

विधेयक भूजलाचे होते. त्याचे कलम चार असे: ज्या घरात एक वर्षाखालील मूल आहे आणि पाणी स्वतःच्या विहिरीचे आहे, त्या विहिरीतील नायट्रेटची तपासणी राज्याने वर्षातून दोनदा मोफत करावी आणि निष्कर्ष सार्वजनिक नोंदवहीत लिहावा. तपासणीला कोणाची हरकत नव्हती. हरकत नोंदवहीला होती. बहुमतवाल्या पक्षाचे नेते डेलविन प्रॅथर यांनी तीन शब्दांची दुरुस्ती मांडली: 'कलम चार वगळावे.' अशा नोंदवहीमुळे जमिनीचे भाव पडतील, असे त्यांचे म्हणणे. पाणी चांगले आहे, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. या बाबतीत त्यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी.

आर्डिथ स्कोग्लंड एकाहत्तर वर्षांच्या. त्यांचे पती सेल्मर विहिरी खणत असत. तीस वर्षे प्रत्येक विहिरीची वही आर्डिथने लिहिली: किती फुटांवर वाळू, किती फुटांवर चिकणमाती, पाणी कुठे लागले, त्याची चव कशी. सेल्मर गेल्यावर त्या निवडून आल्या. गेल्या शरद ऋतूत त्यांच्या शेजारच्या मार्लिसचे चार महिन्यांचे बाळ ओठांपासून निळे पडू लागले. पाण्यातल्या नायट्रेटची बाधा आहे हे डॉक्टरांनी ओळखले म्हणून ते वाचले. बाळाचे दूध ज्या पाण्यात कालवले जाई ती विहीर सेल्मरनेच खणलेली होती आणि वहीत तिच्यापुढे 'चव गोड' असे आर्डिथच्याच हातचे लिहिलेले होते. कलम चार त्यांनी लिहिले ते त्यानंतरच्या आठवड्यात. तेवढे एक कलम वाचवायचे, याखेरीज या अधिवेशनात त्यांनी दुसरे काही मागितले नाही.

मंगळवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी दुरुस्ती मताला आली.

आमच्याकडे मत देताना कोणी हात वर करत नाही. घंटा होते, प्रत्येक बाकावरची दोन बटणे जिवंत होतात, आणि समोरच्या भिंतीवरच्या फलकावर सत्तर नावांपुढे हिरवे-लाल दिवे लागू लागतात. अध्यक्ष फलक बंद करीपर्यंत मत बदलता येते. ती दीड-दोन मिनिटे मला अजूनही सुंदर वाटतात. तासन्‌तास बोललेला माणूस त्या दीड मिनिटात एक लहानसा दिवा होतो आणि त्याला कोणाच्या मागे लपता येत नाही.

आर्डिथने लाल बटण दाबले होते. त्यांच्या मांडीवरच्या वहीत पेन्सिलीच्या खुणा होत्या. फलकावर छत्तीस हिरवे होते, चौतीस लाल. नावे तीच होती जी त्यांनी सकाळीच लिहून ठेवली होती. कलम चार गेले होते. शेजारच्या बाकावर नॉर्बर्ट कुचेरा होता, त्यांच्याच पक्षाचा, बेकरीवाला, अंगाने रुंद आणि जिभेने त्याहून रुंद.

"गेलं," तो म्हणाला. "दोन मतांनी. प्रॅथर बघ कसा बसलाय, अंडं घातलेल्या कोंबडीसारखा."

आर्डिथने चष्मा डोळ्यांवर नीट केला. मग बोट उचलले आणि हिरवे बटण दाबले. सदतीस, तेहेतीस.

"अगं बाई! काय केलंस हे? लाल आहे ते तिकडचं!"

"दिसतंय मला."

"दिसतंय? मग डोकं फिरलंय का तुझं? मार्लिसच्या आईला काय तोंड दाखवणार आहेस?"

"नॉर्बर्ट, भांडण नंतर. फलक बंद झाला रे झाला की उठायचं आणि तहकुबी मागायची."

"मी? आत्ता?"

"तूच. तुझा आवाज मोठा आहे. आयुष्यात एकदा तरी त्याचा काही उपयोग कर."

इथे एक नियम सांगणे भाग आहे. एकदा झालेल्या मतदानाचा फेरविचार मागता येतो, पण तो मागण्याचा अधिकार फक्त जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या सदस्याला असतो, आणि तोही पुढच्या दिवसाच्या बैठकीपर्यंतच. हरलेल्याने रोज उठून तेच रडगाणे गाऊ नये म्हणून ही तजवीज. आमच्या पूर्वसूरींनी पश्चात्ताप हा जिंकलेल्याचा हक्क मानला, आणि या एका वाक्यासाठी मी त्यांना पुष्कळ अपराध माफ करतो. अर्थात जिंकणारेही दूधखुळे नसतात. जिंकल्याबरोबर ते स्वतःच फेरविचाराचा प्रस्ताव मांडतात आणि तिथल्या तिथे तो पाडून टाकतात. मग दार कायमचे बंद. सभागृहाच्या बोलीत याला 'खिळा ठोकणे' म्हणतात. डेलविन प्रॅथर यांनी बावीस वर्षांत एकही खिळा ठोकायचा ठेवला नव्हता.

त्या दुपारी त्यांनी ठेवला. कारण त्यांनी फलकावर स्कोग्लंड यांच्या नावापुढचा हिरवा दिवा पाहिला. कलम लिहिणाऱ्या बाईनेच कलमाविरुद्ध मत दिले, याचा अर्थ त्यांनी शरणागती असा लावला, आणि शरणागती स्वीकारायला ते जातीने जागेवरून उठले. मधल्या वाटेवरून हात पुढे करून ते येत होते. खिळा त्यांच्या टेबलावरच्या कागदात राहिला. फलक बंद झाला.

"अध्यक्ष महाराज!" नॉर्बर्ट गरजला. "सभागृह तहकूब करावं असा माझा प्रस्ताव आहे! मुलींचे बास्केटबॉलचे सामने आहेत, रस्त्यावर बर्फ आहे, आणि निम्म्या सदस्यांनी मगाशीच गाड्या गरम करून ठेवल्यात!"

तहकुबीच्या प्रस्तावावर चर्चा होत नाही. सभागृहभर 'होय' असा एकच पुकारा झाला. मार्च महिन्यात, राज्यस्तरीय स्पर्धेच्या आठवड्यात, त्या प्रस्तावाला 'नाही' म्हणणारा माणूस आमच्या राज्यात निवडून येत नाही. प्रॅथर आर्डिथपाशी पोहोचले तेव्हा अध्यक्षांचा हातोडा पडून चुकला होता.

"आर्डिथ, मोठं मन दाखवलंत तुम्ही," ते म्हणाले.

"तसं नका म्हणू, डेलविन," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात मिळवला.

संध्याकाळी सहाला त्यांच्या नणंदेचा, इल्सीचा, फोन आला. हा संवाद मला आर्डिथनेच पुढे सांगितला, काही न गाळता.

"रेडिओवर सांगितलं. खोटं आहे म्हण."

"खरं आहे."

"माझ्या भावानं खणलेल्या विहिरींवर जगलीस तू. तीस वर्षं. आणि आज त्याच विहिरींवर थुंकलीस?"

"इल्सी, उद्या दुपारपर्यंत मला काही विचारू नकोस."

"उद्या दुपारी काय होणार आहे? लाजेनं मरणार आहेस?"

"बघू," आर्डिथ म्हणाल्या. "जेवलीस का?"

इल्सीने फोन ठेवून दिला. एक वाक्य बोलल्या असत्या तर आर्डिथ सुटल्या असत्या. पण इल्सीला सांगितलेले वाक्य आठ वाजेपर्यंत चर्चच्या तळघरात, नऊपर्यंत पेट्रोलपंपावर आणि दहापर्यंत प्रॅथर यांच्या कानावर गेले असते, आणि मग सामन्यासाठी गेलेले त्यांचे सहा सदस्य रातोरात परत बोलावले गेले असते.

सहा सदस्य कोणते, हे आर्डिथने वर्तमानपत्रात पाहिलेल्या सामन्यांच्या तक्त्यावरून काढले होते. बुधवारी सकाळी दहाचा सामना राज्याच्या पश्चिम टोकाला, तीन तासांच्या अंतरावर. खेळणार होते दोन जिल्हे. त्या भागातले आठ आमदार तिथे प्रेक्षकांत दिसणारच, कारण गावातल्या मुली उपांत्य फेरीत खेळत असताना आमदार राजधानीत कायदे करत बसला तर गाव ते विसरत नाही. आठांपैकी सहा प्रॅथर यांच्या बाजूचे, दोन आर्डिथच्या. पोथ्यांचे पाठभेद लावण्यात आयुष्य घालवणारे विद्वान मी पाहिले आहेत. एका क्रीडापृष्ठाचे इतके काटेकोर वाचन मी दुसरे पाहिले नाही.

बुधवारी दहा वाजून पाच मिनिटांनी त्या उभ्या राहिल्या.

"अध्यक्ष महाराज, काल जिंकलेल्या बाजूनं मी मत दिलं होतं. दुरुस्तीचा फेरविचार व्हावा असा माझा प्रस्ताव आहे."

प्रॅथर यांच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याचे वर्णन कार्यवृत्तात नसते. त्यांनी मागे वळून बाके मोजली. मग पुन्हा मोजली. नॉर्बर्टच्या घशातून निघालेला आवाज मात्र मी लिहून ठेवला होता. नंतर खोडला.

"अगं तू... तू कालपासून..."

"गप्प बस आणि लाल दाब. नाही, आधी हिरवं. फेरविचाराला हिरवं, दुरुस्तीला लाल."

"एकेक सांग बाई, मी पाववाला माणूस आहे."

फेरविचाराचा प्रस्ताव बत्तीस विरुद्ध तीस मतांनी संमत झाला. दुरुस्ती तेवढ्याच मतांनी पडली. कलम चारसह विधेयक मंजूर झाले, आणि आर्डिथने कोपराने ढोसताच नॉर्बर्टने उठून खिळा ठोकला, इतक्या जोरात की अध्यक्षांनी त्याला आवाज कमी करायला सांगितले.

गोष्ट इथे संपली असती तर हा अहवाल निघालाच नसता. पण आर्डिथच्या जिल्ह्यातले साप्ताहिक मंगळवारी संध्याकाळी छापले जाते. बुधवारी ते घरोघर पडले: 'स्कोग्लंड यांचे विहिरींविरुद्ध मत'. दुरुस्त बातमी यायला आणखी एक आठवडा होता, आणि खुलासा समजून घ्यायला पाच मिनिटे लागतात. आरोपाला एक ओळ पुरते. आधी विकली गेली आणि मग घाबरली, असे लोकांनी ठरवले. रविवारी चर्चच्या तळघरात कॉफीबरोबर आर्डिथने लिंबाच्या वड्या ठेवल्या. सगळ्यांची ताटे रिकामी झाली, वड्यांचे ताट भरलेले राहिले. मार्लिस बाळाला कडेवर घेऊन त्या ताटासमोरून दोनदा गेली.

सोमवारी दुपारी दोन वाजता नियम समितीसमोर चौकशी होती. समितीचे अध्यक्ष स्वतः प्रॅथर. पावणेदोनला तळमजल्यावरच्या उपाहारगृहात आर्डिथ आणि नॉर्बर्ट बसले होते. दोघांसमोर तिखट राजमा-खिमा आणि दालचिनीचा गोड रोल, जसा आमच्याकडे शाळेपासून एकत्रच खातात. पलीकडच्या टेबलावर मी होतो. नॉर्बर्टने वड्यांचा डबा स्वतःकडे ओढला होता.

"वाळीत टाकलेल्या वड्या," तो म्हणाला. "चवीला मात्र बहिष्कार जाणवत नाही."

"खा. परत न्यायच्या नाहीत मला."

"आर्डिथ, ऐक. आतून कळलंय मला. ते तुला वाट देणार आहेत. चुकून दाबलं म्हण. बटणं शेजारीशेजारी आहेत, तुझं वय झालंय..."

"तुझं नाही झालं?"

"माझंही झालंय, पण मला कोणी विचारत नाही. म्हण की चुकून. कार्यवृत्तात दुरुस्ती होईल, मंगळवारचं मत लाल होईल. इल्सी बोलायला लागेल. मार्लिस वडी खाईल. नाहीतर ठपका ठेवतील. सगळ्या सभागृहासमोर उभं करून वाचतील. शेती समितीवरूनही काढतील."

आर्डिथने रोलचा तुकडा राजम्यात बुडवला. "मंगळवारचं मत लाल झालं, तर मंगळवारी मी कुठल्या बाजूला?"

"आपल्या. हरलेल्या."

"आणि हरलेल्याला फेरविचार मागता येतो?"

नॉर्बर्टचा हात वडीवरच थांबला. बेकरीवाल्याच्या चेहऱ्यावर नियम उतरताना मी पाहिला, अगदी पायरी पायरीने. विधेयक अजून राज्यपालांकडे गेलेले नव्हते. मंगळवारचे मत बदलले की बुधवारचा प्रस्ताव बेकायदा ठरत होता, प्रस्ताव बेकायदा की त्यानंतरचे सगळे रद्द, आणि कलम चार पुन्हा वगळलेले.

"हरामखोर," तो म्हणाला.

"जेवताना नको," आर्डिथ म्हणाल्या.

चौकशीच्या खोलीत प्रॅथर यांचा आवाज इतका मृदू होता की लघुलेखिकेने दोनदा पुन्हा बोलायला सांगितले.

"आर्डिथ, तुम्हाला इथं बोलवावं लागलं याचं आम्हाला वाईट वाटतंय. बावीस वर्षांत मीसुद्धा तीनदा चुकीचं बटण दाबलंय. यात कमीपणा नाही. तुमच्या गावात काय बोललं जातंय ते आमच्या कानावर आहे. ते सगळं एका शब्दात थांबू शकतं. मी फक्त एवढंच विचारतो: ते बटण तुम्ही चुकून दाबलं होतं का?"

मी पेन्सिल हातात धरून बसलो होतो. छळाला दयेची भाषा शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि तिच्यावर ग्रंथ आहेत. त्या दुपारी ती मला नळीच्या दिव्याखाली, कागदी पेल्यातल्या कॉफीसकट पाहायला मिळाली. 'चूक' हा एकच शब्द बाईंना त्यांचे नाव परत देणार होता आणि मार्लिसच्या घरातली तपासणी घेऊन जाणार होता. प्रॅथर यांनी यातला पहिला भाग सांगितला. दुसरा सांगितला नाही.

आर्डिथने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग बोलल्या. फार वेळ बोलल्या नाहीत.

गुरुवारी त्यांना सभागृहाच्या मधोमध उभे करून ठपका वाचण्यात आला. वाचायला चार मिनिटे लागली. तेवढा वेळ त्या समोरच्या विझलेल्या फलकाकडे पाहत होत्या. नियमाप्रमाणे बाकी सर्वांनी बसून राहायचे असते. नॉर्बर्ट कुचेरा उभा राहिला. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला की त्याच्या पाठीत लचक भरली आहे आणि बसता येत नाही. मग मागच्या बाकांवरच्या आणखी नऊ जणांच्या पाठीत लचक भरली. त्यांतले दोघे प्रॅथर यांच्या पक्षाचे होते. मी दहाही नावे कार्यवृत्तात लिहिली आणि त्यांपुढे 'उभे' असा शेरा दिला. तो अजून कोणी खोडलेला नाही.

राज्यपालांची सही शुक्रवारी झाली. कलम चार आज कायदा आहे. नोंदवहीत मार्लिसची विहीर तिसरी आहे आणि तिच्यापुढचा आकडा चांगला नाही, म्हणून बाळाचे पाणी आता गावातून येते. इल्सीने अजून फोन केलेला नाही.

अहवालाच्या शेवटी, परिशिष्टात, बारीक टाइपात, आरोपीची जबानी जोडली आहे. अपराध सिद्ध झाल्याचा पुरावा म्हणून ती जोडली, असे समिती म्हणते. मुख्य मजकुरात तिच्यातले फक्त पहिले वाक्य घेतले आहे. 'तात्त्विक सातत्य' कुठे सापडेना अशी ज्यांची तक्रार होती त्यांच्या सोयीसाठी मी ती पूर्ण उतरवून देतो. आमच्या सभागृहात इतकी मते पडली, इतकी भाषणे झाली, पण याच्या तोडीचे काही माझ्या हातून लिहिले गेलेले नाही.

"नाही, चुकून नाही. मंगळवारी दुपारी चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी, चष्मा लावून, पूर्ण शुद्धीत, मी माझ्या लोकांविरुद्ध मत दिलं. बोट माझं होतं आणि बटण हिरवं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी धाक घातला नव्हता. गावाला राग आलाय, तो बरोबर आहे, येऊ द्या. पण मी त्या दिवशी जिंकलेल्या बाजूला होते. तसंच लिहून घ्या, आणि 'जिंकलेल्या' हा शब्द गाळू नका."